चुन्याखालचं नाव

बेळगावहून निघालेली गाडी संकेश्वर मागं टाकते, उसाचे फड विरळ होत जातात आणि मग खिडकीतून तो वास आत येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर निपाणी आली हे कळायला पाटी वाचावी लागत नाही. तंबाखू आधी घशात उतरते, गाव मागनं दिसतं. शेजारची नवखी बाई पदर नाकाला लावते, मागच्या सीटवर कुणीतरी सटासट शिंकतं, कंडक्टर कन्नडमधून काहीतरी थट्टा करतो, आणि मी खिडकीची काच आणखी सरकवते. नवरा म्हणतो, माहेराहून आलीस की तुझ्या बॅगेलासुद्धा आठवडाभर वखारीचा वास मारतो. मारू दे की. ज्याला जे माहेर मिळालं ते मिळालं.

आमच्याकडं दोन हंगाम एकदमच येतात. एक तंबाखूचा आणि दुसरा उपवासकाळाचा. वाळलेल्या तंबाखूची पोती वखारीत येऊन पडायला लागली की इकडं ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू होतात, आणि मिशनच्या चाळीत घरोघरी संध्याकाळची प्रार्थना लागते. आज या घरी, उद्या त्या घरी. एक सतरंजी, एक ढोलकी आणि शेवटी गुळाचा कोरा चहा. चाळीतल्या बायका दिवसभर वखारीत तंबाखू चाळून तशाच यायच्या. केसांत भुकटी, भुवयांवर भुकटी. डोळे मिटून कुणी "हे दयाळू बापा" म्हणेपर्यंत एकीला शिंक यायची, तिच्यामागं दुसरीला, आणि मग अख्खी सतरंजीच शिंकायला लागायची. पाळकसाहेब बिचारे डोळे न उघडता थांबून राहायचे. लहानपणी मला वाटायचं, शिंका हा प्रार्थनेतलाच एक भाग आहे.

दादा तर मुद्दाम शिंकायचा.

शमुवेल त्याचं नाव, चाळीत सगळ्यांचा शाम्या, माझा दादा. मी रांगत असतानाच आप्पा गेले, त्यामुळं घर म्हणजे आई, दादा आणि मी. आई दारात सूप घेऊन विड्या वळायची आणि दादा वखारीत पोती वाहायचा. नुकती मिसरूड फुटलेली, अंगात शर्ट मावत नाही असले खांदे, आणि चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांत बेसूर गाणारा हाच. ढोलकीवाला वैतागून म्हणायचा, "अरं शाम्या, सुरात गा की रं जरा!" त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं: "सूर तुमचा, आवाज माझा. देवाला दोन्ही पायजेत." आई पदराआड हसायची. मला तर त्याच्याएवढा गाणारा जगात कुणी नाही असंच वाटायचं.

त्याची सायकल जुनी होती आणि तिच्या घंटीचा स्क्रू ढिला होता. आमच्या बोळात फरशीचे तुकडे कसेही टाकलेले, त्यावरून सायकल आली की घंटी आपोआप वाजायची, कुणी हात लावायची गरज नाही. दिवे लागायच्या वेळेला ती किणकिण बोळाच्या तोंडाशी सुरू व्हायची आणि आमच्या दारापर्यंत वाढत यायची. मी हातातलं टाकून उंबऱ्यात. तो खिशातून कधी चिरमुरे काढायचा, कधी पेरू, आणि काहीच नसलं की माझ्या नाकाला तंबाखूची बोटं लावायचा. मी शिंकून शिंकून लाल आणि तो पोट धरून हसतोय. कितीदा रागावले असेन, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्यात हजर.

बेळगावजवळ सांबऱ्याला विमान दाखवायला नेणार होता मला. "लई खालनं येतंय गं चिमणे, पोट दिसतंय इमानाचं." कवा नेणार, असं विचारलं की म्हणायचा, "ईस्टर झाला की." उपासाच्या दिवसांत मौजमजा करायची नसते असं तोंड गंभीर करून सांगायचा. खरं कारण एवढंच, की ऐन हंगामात वखारीतून सुट्टी मिळत नव्हती. हे मला फार उशिरा कळलं.

आता हे सगळं आठवायचं म्हणजे ती सकाळही आठवावी लागते. ती टाळून पुढं जाता येत नाही, मी बघितलंय करून.

आपल्यात घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. 'येतो' म्हणायचं, आणि घरातल्या माणसानं 'ये' म्हणायचं. कुणाच्या तोंडून चुकून 'जातो' निघालं तर म्हातारी माणसं त्याला थांबवून पुन्हा 'येतो' म्हणायला लावतात. दादा रोज सायकलवर टांग टाकताना ओरडायचा, "येतो गं चिमणे!" आणि मी जिथं असेन तिथून "ये!" म्हणून ओरडायची. हे माझं काम होतं, आईलासुद्धा मी ते करू द्यायची नाही. त्या सकाळी माझ्या वेण्या चालल्या होत्या आणि रिबीन दातांत धरलेली होती. तरी मी रिबीन काढून म्हटलं, ये.

तो वखारीत पोचला, सायकल फाटकापाशी लावली आणि मालाच्या लॉरीवर चढून गेला, पोती उतरवायला. संकेश्वरच्या अलीकडं लॉरी उलटली. मला हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. मला काय ठाऊक होतं, तर दिवे लागायची वेळ झाली, बोळाच्या तोंडाशी घंटी वाजली, आणि मी "दादा आला!" म्हणून उंबऱ्यात धावले. फरशीच्या तुकड्यांवरून सायकल खडखडत येत होती. घंटी तशीच वाजत होती. सायकल हातात धरून एक हमाल चालत होता, मान खाली घालून. दादा नव्हता.

माझ्या पाठीमागं आईच्या हातातलं सूप पडलं. तिला माझ्या आधी कळलं.

मी मातीला गेले नाही. चाळीच्या मागं रिकाम्या पोत्यांचा ढीग होता, त्यात जाऊन लपले. शेजारच्या मार्थाक्कानं हाका मारल्या, शोधून काढलं, आणि मला ओढायच्या ऐवजी ती तिथंच पोत्यांवर बसून राहिली, माझा पाय हातात धरून. लांबून गाण्याचा आवाज आला आणि थांबला. सगळे सुरात गात होते. तेवढ्यावरून मला कळलं की दादा त्यांच्यात नाही. पण पेटी मी बघितली नाही, खड्डा बघितला नाही, माती टाकली नाही. मग मी का म्हणून मानायचं? तो 'येतो' म्हणून गेला होता आणि मी 'ये' म्हटलं होतं. दोघांचंही बोलणं झालेलं होतं.

तेव्हापासून मी दिवेलागणीला दार लावू देईनाशी झाले. आणि बोलायची बंद झाले. अजिबात. शाळेत नाही, घरात नाही. मार्थाक्का म्हणायची एस्तरला बाधा झालीय, आणि आई म्हणायची, गप गं, आपल्यात तसलं मानत न्हाईत. पण बाधा नाही तर दुसरं काय होतं ते? उन्हाळा गेला, पाऊस येऊन गेला, नाताळ आला. मी उंबऱ्यात बसायची आणि बोळाकडं बघायची. तंबाखूची धूळ घरभर व्हायची, आई रात्री ती झाडून काढायची. तिनं मला एकदाही उठवलं नाही.

पुढच्या उपवासकाळात ईस्टरच्या आदल्या दिवशी आई मला घेऊन दफनभूमीत गेली. ईस्टरच्या आधी आमच्याकडं कबरींना चुना लावतात. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवायचा, सकाळी त्यात चिमूटभर नीळ टाकायची, केकताडाच्या वाखाचा कुंचा घ्यायचा आणि आपापल्या माणसाची कबर पांढरीफेक करायची. मग रविवारी उजाडायच्या आधी चर्चची सगळी मंडळी तिथं मेणबत्त्या घेऊन गायला येते. ओढ्याच्या बाजूला कण्हेरीचं एक झाड होतं. त्याच्या बुडाशी एक बुटका दगड. आईनं सकाळीच एकटीनं येऊन त्याला चुना लावलेला होता, दाट, अजून ओला. म्हणाली, "हितं हाय दादा. बस."

मी बसले. बराच वेळ बसले. मग मी विचारलं, "दगड कुणी बसवला?"

वर्षभरातलं ते माझं पहिलं बोलणं. आईनं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि म्हणाली, "मंडळीनं."

तेव्हापासून दरवर्षी. लग्न झालं, बेळगावला वडगावात राहायला गेले, सरकारी दवाखान्यात नर्स झाले, पोरं झाली, पोरं मोठी झाली, पण ईस्टरच्या शनिवारी मी निपाणीत. भाद्रपदात कण्हेर वाढून दगडावर यायची, मी ईस्टरला छाटून जायची. चुन्यावर चुना, थरावर थर. कोपरे गोल झाले त्या दगडाचे. निघताना मी दरवर्षी म्हणायची, "येते रं दादा," आणि थोडी थांबायची. कशाला थांबायची, ते कुणाला सांगितलं नाही.

सायकल आईनं दादा गेला त्याच महिन्यात कुणाला तरी देऊन टाकली. घंटी मात्र गेली नाही. वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी विजेचे माग आहेत, दिवसभर खटखट चालू असते, एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पण संध्याकाळी वीज जाते, सगळे माग एकदम थांबतात, आणि त्या शांततेत लांबून घंटी वाजते. मला ऐकू येते. नवऱ्याला येत नाही. मी उठते आणि दार उघडते. "डास येतात गं," तो म्हणतो. येऊ देत डास. माझ्या घराचं दार दिवेलागणीला कधी बंद राहिलेलं नाही, भांडून ठेवलंय मी ते उघडं.

आणि हीच मी रविवारी चर्चमध्ये पोरांना शिकवते. प्रभू उठला आहे, कबर रिकामी आहे, मरणाची नांगी मोडली आहे. पोरं विचारतात, बाई, मग माणसं रडतात का? मी उत्तरं देते, चांगली देते. दवाखान्यात कितीतरी जणांचे डोळे या हातांनी मिटले, कितीतरी आयांना धरून बसले, "देवाच्या हातात दिलं म्हणा" असं सांगितलं. तोंडानं हे सगळं, आणि कान गल्लीत. स्वतःचीच चीड यायची कधी कधी. विश्वास नव्हता असंही नाही. विश्वास होता, आणि दारही उघडं होतं.

यंदा मी ठरवलं की दादाला चांगली काळी फरशी बसवायची. आई आता ऐंशीच्या घरात, ती आहे तोवर पोराचं नाव कोरलेलं तिच्या डोळ्यांनी बघू दे. तिला आधी सांगायचं नाही, ईस्टरला एकदमच दाखवायचं. गुरुवारी सकाळी गवंड्याला घेऊन दफनभूमीत गेले. कोपऱ्याकोपऱ्यात बायका गवत काढत होत्या, वखारींकडून वारा येत होता, आणि गवंडी छिन्नीनं चुन्याची खपली काढत होता. जाड खपल्या निघत होत्या, रोटीच्या तुकड्यासारख्या. एका खपलीखाली मला माझं लग्नाचं वर्ष दिसलं असं वाटलं, त्या वर्षी नीळ जास्त पडली होती.

मग तो थांबला. हातानं धूळ पुसली आणि म्हणाला, "बाई, ह्याच्यावर आधीच नाव हाय की."

मी वाकले. दगडावर अक्षरं होती, आणि कन्नड होती. नोकरी लागली तेव्हा कन्नडची परीक्षा दिली होती म्हणून वाचता आली, नाहीतर मला ती नक्षीच वाटली असती. एक क्रूस, आणि त्याखाली एकच नाव. शांतव्वा.

अगं बाई.

आधी मला हसू फुटलं, खरंच सांगते. इतकी वर्षं आम्ही एका कन्नड म्हातारीला 'शाम्या, शाम्या' म्हणून गोंजारत होतो! दादाला कळलं असतं तर जमिनीवर लोळला असता. आणि मग ते हसू थांबलं, कारण दादा कुठं होता? कण्हेरीपलीकडं ओढ्यापर्यंत सगळं सपाट, गवत आणि रान. यातल्या कुठल्या गवताखाली? मी ज्याच्याशी बोलले, ज्याला पोरांची नावं सांगितली, ज्याच्यापुढं रडले, तिथं तो एक दिवससुद्धा नव्हता. पुन्हा ती सायकल आली आणि पुन्हा तिच्याबरोबर दुसरंच माणूस होतं.

गवंडी विचारत होता, "मग फरशीवर काय कोरायचं?" मी म्हटलं, नंतर सांगते. आणि तिथंच खाली बसले.

पण खरा घोर वेगळाच होता. आईला काय सांगू? शनिवारी ती चुना लावायला येणार. गुडघे धरून, काठी टेकत, पण येणारच. पोराच्या कबरीवर हात फिरवते ती दरवर्षी, लहान मुलाच्या पाठीवर फिरवावा तसा. तिला म्हणू, की आई, चुकलीस, हा तुझा मुलगा नाही? ऐंशीच्या बाईला तिचं पोर दुसऱ्यांदा हरवलं म्हणून सांगायचं? उत्तम शुक्रवार सगळा मी चर्चमध्ये बसून काढला. लोक वधस्तंभाकडं बघून रडत होते आणि मी हिशेब करत होते, की उजाडायच्या आत जाऊन पुन्हा दाट चुना फासला तर अक्षरं झाकतील का. झाकली असती. आईला वाचता येत नाही, आणि डोळ्यांनाही आता नीट दिसत नाही. देवाच्या मरणाच्या दिवशी मी हे असलं डोकं चालवत होते.

शनिवारी मी एकदा प्रयत्न करून बघितला. "आई, यंदा तू नगं येऊस. ऊन लई हाय. मी लावून येते."

"का? मी काय मेले व्हय?" आईनं डोक्यावर पदर घेतला. "रिक्षा आन जा."

रिक्षातून उतरल्यावर ती नेहमीप्रमाणं बरोबर कण्हेरीपाशी गेली. मी बादली घेऊन मागं. जाता जाता कुंचा चुन्यात बुडवला सुद्धा, तिचा हात पोचायच्या आत एक फटकारा मारावा म्हणून. पण म्हातारी माझ्यापेक्षा चपळ. ती बसली, दगडावर हात ठेवला, आणि तिचा हात थांबला. बोटं अक्षरांवरून फिरली. एकदा, पुन्हा एकदा.

"हे काय गं? कोरलेलं लागतंय."

मी कुंचा बादलीत सोडला.

"एस्तर. काय लिवलंय?"

खोटं बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. जमलं नाही. "नाव हाय आई. कन्नडमधी."

"कुणाचं?"

"शांतव्वा."

मी बादली खाली ठेवली, आता ती कोसळणार म्हणून दोन्ही हात पुढं केले. आणि आई म्हणाली,

"बाई व्हय? आनि मी आपली इतकी वर्सं बाप्या समजून चुना फासतीया!"

आणि हसली. तोंडात उरलेत तेवढे दात दाखवून हसली.

"आई, तुला म्हायती हुतं?"

"म्हायती नसायला काय झालं? पोटचं पोरगं कुठं ठेवलं ते आईला कळंना व्हय?" तिनं काठीनं ओढ्याकडच्या गवताकडं दाखवलं. "तकडं हुता त्यो. मातीचा उंचवटा आनि लाकडाचा क्रूस. त्या पावसात वढ्याचं पाणी आत शिरलं आनि समदं सपाट केलं. क्रूस कुणाच्या चुलीत गेला कुणाला ठावं. ईस्टरच्या आदल्या दिशी मी चुना घिऊन आले एकटीच. हितनं तितं, तितनं हितं. घावंना. बोंबलून रडले बघ. देवाला नाय नाय ते बोलले. म्हनलं, पोरगं न्हेलंस ते न्हेलंस, माती बी ठिवली न्हाईस?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग ह्याच शेवाळल्याल्या दगडावर बसले दमून. आनि बसल्या बसल्या ध्यानात आलं, त्या बाया बी आशाच गेल्या हुत्या की गं येशूच्या कबरीवर पहाटच्याला, अत्तरं घिऊन. त्यास्नी तरी कुठं घावला त्यो? आनि घावला न्हाय म्हनूनच तर आपन गातोय न्हवं दर वर्साला? घावला आसता तर काय ऱ्हायलं आसतं गायला? तवा म्हनलं, असू दे बाबा. पोरगं तुज्याजवळ हाय न्हवं, मग मला जागा नगं. आनि दिलं त्याला. हितंच दिलं."

कण्हेरीची फुलं पडली होती, आई ती एकेक उचलून दगडावर ठेवत होती. पलीकडं कुणीतरी गवत पेटवलं होतं, त्याचा धूर आणि तंबाखूचा वास एकात एक मिसळला होता.

मला राग आला. आईचा आला, भयंकर आला. "मग मला का सांगितलंस, हितं हाय म्हणून? इतकी वर्सं मी ह्या दगडाशी बोलतीया आई!"

"तू बोलत न्हवतीस," आई म्हणाली. "कुणाशीच. दार लावू देत न्हवतीस. मला वाटलं, ही पोरगी बी जातीया. माझं मी दिलं देवाला, एस्तर. तुझं मी कसं देऊ? तुझं तूच द्यायला पायजे. तवर तुज्या हाताला काय तरी पायजे हुतं. म्हनून लावला चुना ह्या दगडाला, आनि आनलं तुला." मग हळू आवाजात, "मला वाटलं हुतं, एक-दोन वर्सांत देशील."

मी रडले. पोत्यांच्या ढिगात रडले नव्हते ते सगळं तिथं रडले, भर उन्हात, आजूबाजूच्या बायका बघत असताना. आईनं माझा पाय हातात धरला आणि बसून राहिली.

रडून झाल्यावर तिनं मला कामाला लावलं. "चल ऊठ, चुना सुकाय लागला. हिला बी लाव. पर अक्षरं सोडून लाव." मी लावला. आई दगडाला म्हणाली, "शांतव्वा, लई वर्सं आमच्या पोराची जागा धरलीस गं बाई." आणि मला म्हणाली, "त्या गवंड्याला सांग, फरशी हिलाच बसव. नाव हिचंच घाल, आनि कन्नडमधीच घाल. तिच्या मानसांस्नी वाचाय यायला पायजे, कवा आली तर." फरशीचं मी तिला सांगितलंच नव्हतं. गवंडी मार्थाक्काच्या नात्यातला निघाला. या चाळीत काही लपत असेल तर शपथ.

निघताना सवयीनं तोंडात आलं, येते रं दादा. शांतव्वाकडं बघून ते तसंच राहिलं. ओढ्याकडच्या गवतावर पिवळी फुलपाखरं होती. मी सगळीकडं बघितलं आणि कुठंच थांबले नाही.

रविवारी उजाडायच्या आधी आम्ही सगळे तिथं होतो. मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या, लोक पुन्हा पेटवत होते. मी मोठ्यानं गायले, आणि माझा सूर चुकला. ढोलकीवाला आता नवा आहे, त्यानं मान वळवून बघितलं. बघू दे म्हटलं. आई शेजारी खुर्चीवर बसून डोळे मिटून डोलत होती. तिचं तोंड मी नीट बघितलं. कधीपासून ते तोंड असं मोकळं होतं आणि मी मात्र तिला दुःखी म्हातारी समजून जपत होते.

रविवारी संध्याकाळी मी निघाले नाही, सोमवारी पहाटेची गाडी धरायची होती. आई आत तांदूळ निवडत होती. दिवे लागायची वेळ झाली. वारा सुटला आणि वखारींकडची धूळ बोळातून उठली. आता त्या बोळात कुणी सायकल चालवत नाही, सगळ्यांकडं मोटरसायकली आहेत. फरशीचे तुकडे जाऊन काँक्रीट झालंय, खडखडायला काही उरलेलंच नाही.

घंटी वाजली.

कुणी काही म्हणो. वाजली. बोळाच्या तोंडाशी सुरू झाली आणि वाढत वाढत दाराकडं आली. मी उठले आणि उंबऱ्यात उभी राहिले, तशीच, जशी पाचवीत असताना उभी राहायची. बोळ रिकामा होता, धूळ होती, वास होता. घंटी आमच्या दारापुढं येऊन थांबली. आणि माझ्या तोंडात 'ये' तयार होतं, इतकी वर्षं ते तिथंच होतं, एका सकाळी रिबीन काढून म्हटलेलं.

मला वाटलं, ह्याला मीच तर बोलावत होते. बिचारा रोज येत होता. विमान दाखवायचं राहिलं म्हणून नाही, सायकल राहिली म्हणून नाही. मी 'ये' म्हटलं होतं म्हणून. देवानं हात पुढं केलेला, आणि मी दादाचा शर्ट धरून ठेवलेला.

जीभ वळेना. आपल्यात कुणी आपल्या माणसाला असं म्हणत नाही.

"जा," मी म्हटलं. "जा दादा."

"कोण हाय गं दारात?" आईनं आतून विचारलं.

"दादा हुता."

सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला. "गेला?"

"गेला."

"मग दार लाव," आई म्हणाली. "कवाधरनं धुरळा आत येतुया."

मी दार लावलं आणि कडी घातली.